‘एलएस६’ म्हणून घेतलेलं इंजिन आणि गेलेले १७,५५० डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो: १७,५५० डॉलर. इंजिनाचे १४,५००, ‘मूळ गाडी शोधून देणाऱ्या’ माणसाचे १,२०० आणि सापडलेली गाडी ‘दुसऱ्याला जाऊ नये म्हणून’ १,८५०. मी मेकॅनिकल इंजिनियर. डेट्रॉइटच्या उपनगरात बावीस वर्षं गाड्यांच्याच नोकरीत. हसा.

शेव्हर्लेची १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ ही गाडी, त्यातही ४५० हॉर्सपॉवरचं एलएस६ इंजिन. अशी जेमतेम ४,४७५ बनली. पुढे रेसिंगच्या नादात इंजिन एकीकडे आणि गाडी दुसरीकडे, असं कित्येकींचं झालं. जोडी पुन्हा जुळली की भाव कुठल्या कुठे जातो. इंजिन विकणाऱ्या ओहायोतल्या माणसाने हेच गाजर दाखवलं: ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, मूळ गाडीच्या चॅसिस नंबराचे आकडे आहेत, गाडी शोधा, मालक दुप्पट मोजेल. लोभ सुटला, नाही म्हणत नाही. पण गराजमध्ये एकच बल्ब, बाहेर बर्फ, आणि बोलणारा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. तुम्ही तरी काय केलं असतं?

आता इंजिन तपासलं ती अकरा मिनिटं. पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे जी सपाट जागा असते, ती त्याने स्वतः पुसून दाखवली. बाकी इंजिनावर बोटभर काजळी, तेवढीच जागा लख्ख. तिथे ठोकलेलं: टी०२१२सीआरव्ही. म्हणजे टोनावांडाचा कारखाना, १२ फेब्रुवारी, एलएस६. मी फोटो काढला. मग मागे जाऊन कास्टिंग नंबर, म्हणजे ओतताना उमटवलेला नंबर, पाहिला, ३९६३५१२, बरोबर. (हाच ब्लॉक साध्या ४५४ लाही लागायचा, हेही मला ठाऊक होतं.) बाजूला ओतकामाची तारीख होती: सी ५ ०. त्याचाही फोटो काढला.

सी म्हणजे मार्च. ५ मार्चला ओतलेला ब्लॉक १२ फेब्रुवारीलाच जोडून तयार! मूल जन्मायच्या आधी बारसं. दोन्ही फोटो आजही फोनमध्ये आहेत, वेळेसकट. मी दोन्ही तारखा वाचल्या, मान डोलावली आणि पैसे पाठवले.

त्या सपाट जागेवर कारखान्याच्या कटरच्या बारीक सरळ रेघा असतात, पुढून मागे जाणाऱ्या. माझ्या ब्लॉकवर गोल ओरखडे आहेत. जुने आकडे घासून नवे ठोकलेत. भिंग न्या, आणि विकणाऱ्याने पुसून दाखवलेल्या जागेवर आधी संशय घ्या.

गाडी शोधणारा विकणाऱ्यानेच सुचवलेला. तो म्हणाला, सरकारी नोंदींतून मालकाचं नाव काढतो. १९९४ च्या कायद्यामुळे ती नावं अशी कोणालाही मिळत नाहीत, आणि हे मी स्वतः ऑफिसात दुसऱ्यांना सांगत असतो! जॉर्जियातल्या एका गाडीच्या चॅसिस नंबराच्या पट्टीचा फोटो आला, मी १,८५० पाठवले आणि फोन बंद झाला. पाँटिअ‍ॅक गाड्यांच्या कारखान्यातल्या जुन्या नोंदी पैसे भरून मागवता येतात. अमेरिकेत विकलेल्या १९७० च्या शेव्हर्लेचं तसं काही नाही, सगळी मदार पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेल्या कारखान्याच्या कागदावर. या चोरांचं पोट त्यावरच चालतं.

इंजिन उघडलं तर क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या मेन कॅपला दोन-दोनच बोल्ट. एलएस६ ला चार असतात. पैसे देण्याआधी तळाचं पॅन उघडायला लावा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मग दारोदार. आमचे पोलीस म्हणाले, ओहायोत जा. ओहायोचे म्हणाले, हा दिवाणी मामला, तुम्ही माल पाहून घेतलात. बँक म्हणाली, तुम्हीच पाठवलेत. केंद्र सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवर चाळीस मिनिटं फॉर्म भरला, उत्तरादाखल एक नंबर आला. ओहायोच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ६,०००. वकिलाने पहिल्या तासाचेच ३५० सांगितले. एका हवालदाराने तर विचारलं, “पण इंजिन मिळालं ना तुम्हाला?”

मिळालं. गराजमध्ये स्टँडवर आहे. बायको त्यावर कुंड्या ठेवते, आणि पाहुणे आले की मीच ते ताडपत्रीने झाकतो.