आयसोमेट्रिक आधी की पर्स्पेक्टिव्ह?

अंतर्गत रचनेचे त्रिमितीय रेखाटन शिकताना आयसोमेट्रिकपासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात रुंदीच्या आणि खोलीच्या रेषा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात, उंची उभीच राहते आणि तिन्ही दिशांना एकच प्रमाण चालत असल्याने ६०० मिलिमीटर खोल कपाट थेट पट्टीने मोजून काढता येते. गोल टेबल मात्र लंबवर्तुळाकार काढावे लागते, आणि नवशिके बहुधा तिथेच अडखळतात.

पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे डोळ्यांना दिसते तसे दूरच्या वस्तू लहान दाखवणाऱ्या रेखाटनात, मापे अशी सरळ उचलता येत नाहीत. क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, दूर जाणाऱ्या आडव्या समांतर रेषा तिच्यावरील व्हॅनिशिंग पॉइंटला मिळतात, आणि असे दोन बिंदू फार जवळ घेतले की कडेची खुर्ची ताणलेली दिसते. तरीही ग्राहकाला दालनात उभे असल्याचा भास हेच चित्र देते. सुताराला आयसोमेट्रिक पुरते.