सॉफ्ट मॅटरवर काम करायचंय? पहिला खर्च रिओमीटरवर करा (एमसीआर ३०२ वापरून)

रसायन अभियांत्रिकीत पीएच.डी. करून नुकतीच प्राध्यापकीत आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, पहिल्या ग्रँटमधून काय घेऊ?" विषय सॉफ्ट मॅटर असेल, म्हणजे जेल, पेस्ट, फेस, चिकणमाती, पॉलिमर, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: रिओमीटर, म्हणजे पदार्थ किती घट्ट आहे आणि कसा वाहतो हे मोजणारं यंत्र, आणि तोही चांगला. आमच्या विभागात अँटन पार कंपनीचा एमसीआर ३०२ आहे. मी त्यावर शिकवते आणि माझे विद्यार्थी त्यावरच प्रबंध करतात.

यंत्राचं काम ऐकायला साधं आहे. दोन पृष्ठभागांमध्ये पदार्थ ठेवायचा, वरचा भाग फिरवायचा किंवा किंचित मागेपुढे हलवायचा, आणि पदार्थ किती विरोध करतो ते मोजायचं. खरी करामत त्या मोजण्यात आहे. दोलनाच्या चाचणीत ०.५ नॅनोन्यूटन-मीटर इतका क्षीण टॉर्क (फिरवण्याचा जोर) या यंत्राला कळतो आणि वरची मर्यादा २०० मिलिन्यूटन-मीटरची आहे. त्यामुळे पातळ द्रावणापासून घट्ट पेस्टपर्यंत सगळं एकाच टेबलावर होतं. वर लावायचा शंकू किंवा चपटी प्लेट एका हाताने बसते, आणि यातली कुठली भूमिती बसवली हे यंत्र चिपवरून आपणच ओळखतं. रात्री दमलेल्या विद्यार्थ्याकडून चुकीची भूमिती निवडली जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

एवढ्या एका यंत्रावर संशोधनाची किती मोठी वाट चालता येते, हे मी मुलांना योगेश जोशींचं उदाहरण देऊन सांगते. त्यांची पीएच.डी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली. वितळलेलं पॉलिमर भिंतीवरून घसरतं कसं, यावर त्यांनी आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकरांबरोबर काम केलं. पुढे आयआयटी कानपूरला गेल्यावर लॅपोनाइट नावाच्या चिकणमातीचं वय कसं वाढतं, म्हणजे ती नुसती ठेवली तरी काळाबरोबर कशी घट्ट होत जाते, याचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ साली त्यांना भटनागर पारितोषिक मिळालं.

लॅपोनाइटचा प्रयोग मी दर वर्षी वर्गाला दाखवते. कण चकतीसारखे, जाडी जेमतेम १ नॅनोमीटर. पाण्यात ३ टक्के घालून ढवळलं की द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसतं. ते कप-बॉबमध्ये, म्हणजे आत दंडगोल फिरणाऱ्या पेल्यात, ओतायचं, वरून सिलिकॉन तेलाचा पातळ थर द्यायचा, नाहीतर पाणी उडून आकडे बिघडतात. मग जोरात फिरवून आतली रचना मोडायची आणि त्यानंतर अगदी हलकं दोलन देत राहायचं. काहीही न घालता, न तापवता स्क्रीनवर जी-प्राइमची (पदार्थाच्या लवचीक ताठपणाची) रेघ चढू लागते आणि तासन् तास चढतच राहते. पुन्हा जोरात फिरवलं की खाली येते, सोडलं की परत चढते. हे पाहून सॉफ्ट मॅटरमध्येच पीएच.डी. करायचं ठरवलेली मुलं माझ्याकडे आहेत, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

आता जपायच्या गोष्टी. कुठलाही रिओमीटर भिंतीवरची घसरण स्वतःहून सांगत नाही. चक्का गुळगुळीत प्लेटमध्ये ठेवून पाहा: कडेला निवळीचा पातळ थर सुटतो, चक्का आख्खाच्या आख्खा सरकतो आणि यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला पदार्थ वाहू लागतो तो) खराखुरा असतो त्याहून बराच कमी येतो. खरबरीत प्लेट लावली की आलेख बदलतो. म्हणून कोटेशन मागवताना खरबरीत प्लेट त्यातच लिहून घ्या, नंतर वेगळे पैसे मिळत नाहीत. पाण्यासारख्या पातळ द्रवांचे वरच्या फ्रीक्वेन्सीचे बिंदू सरळ टाकून द्या. तिथे द्रवापेक्षा मोटरच्या जडत्वाचंच मोजमाप जास्त होत असतं.

आणि हवा! शाफ्ट एअर बेअरिंगवर तरंगतो, त्याला कोरडी आणि तेलाचा अंशही नसलेली हवा लागते. आम्हाला एका पुरवठादाराने ड्रायरशिवाय कंप्रेसर गळ्यात मारला होता. पावसाळा सुरू झाला आणि फिल्टरच्या वाटीत पाणी दिसू लागलं. बेअरिंगला धक्का लागण्याआधी प्रयोगशाळेच्या मदतनिसाने ते पाहिलं म्हणून निभावलं. दुसरा कंप्रेसर येईपर्यंत काम ठप्प होतं, आणि एका मुलीचं सेमिनार पुढे गेलं. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात असाल तर ड्रायर आधी आणि यंत्र मागून, असंच ठरवा. हवा बंद असताना शाफ्ट फिरवायचा नाही, ही पाटी आमच्याकडे मराठीत लावली आहे.

सुरुवातीला कप-बॉब, ५० मिमीचा १ अंशाचा शंकू, २५ मिमीच्या खरबरीत प्लेट आणि बाष्प अडवणारं झाकण एवढं पुरे. सूक्ष्मदर्शक आणि प्रकाशाची जोडणी दुसऱ्या ग्रँटवर ठेवा. तुम्हाला फक्त रंगाची किंवा तेलाची व्हिस्कॉसिटी तपासायची असेल तर साधा ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटर घ्या, इतका पैसा यात अडकवू नका.