आवाज न चढवलेली फिल्म: कॅनडाच्या संग्रहातली नेटसिलिक मालिका

मी एडिटर. माहितीपट कापणं हा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे कुठलीही फिल्म लावली की आधी माझं लक्ष जातं ते शॉट किती वेळ टिकतोय आणि निवेदक कधी तोंड उघडतोय याच्याकडे. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाच्या संकेतस्थळावरची, कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नेटसिलिक इनुइट (त्या काळच्या भाषेत एस्किमो) लोकांवरची मालिका या दोन्ही बाबतींत आपल्याला तिष्ठत ठेवते. गोठलेल्या तळ्यावर एक माणूस बर्फाला भोक पाडतोय. लांब दांड्याच्या पटाशीने फोडतो, चुरा झाऱ्याने उपसतो, पुन्हा फोडतो. आमच्या धंद्यात हे काम तीन कटांत उरकतात. इथे ते होईपर्यंत कॅमेरा थांबतो. निवेदक येतच नाही.

नऊ फिल्म, त्यांचे मिळून २१ भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. सगळं रंगीत. पाहायला पैसे पडत नाहीत. चित्रीकरण १९६३ आणि १९६४ च्या उन्हाळ्यात आणि १९६५ च्या सरत्या हिवाळ्यात झालं, पेली बे इथे. हे गाव आज नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रांतात आहे आणि त्याचं नाव कुगारुक. निर्माता-दिग्दर्शक क्वेंटिन ब्राउन. काय टिपायचं हे ठरवणारे होते माँट्रियल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ आसेन बालिक्ची, आणि त्यांच्या मदतीला गी मारी-रूसेलिएर, जे स्वतः मिशनरीही होते. मालिकेचे कार्यकारी निर्माते केव्हिन स्मिथ. संकलकाचं नाव एरवी कोणी सांगत नाही, पण या मालिकेत तर संकलनाने सगळ्यात अवघड काम केलंय: हात आवरला.

माणसं आपल्या भाषेत बोलतात, हसतात, पोराला दटावतात, आणि त्याचं भाषांतर मिळत नाही. पहिल्या भागात याचा त्रास होतो. दुसऱ्यापासून कान आपोआप दुसरीकडे वळतात. पायाखाली बर्फ कसा करकरतो, कातडं ताणताना कसा आवाज करतं, कुत्री कधी अस्वस्थ होतात, हे ऐकू यायला लागतं. भाषा कळत नसल्यामुळे आपण हातांकडे पाहतो, आणि इथे सगळं काही हातांतच आहे.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर शरद ऋतूतल्या नदीकाठच्या मुक्कामापासून. दोन भाग आहेत. बर्फ अजून भुसभुशीत, त्यामुळे इग्लू बांधता येत नाही. म्हणून भिंती बर्फाच्या आणि छप्पर कातड्याचं, असा अर्धवट निवारा उभा राहतो. बायका दिव्यासाठी आणि चुलीसाठी शेवाळ गोळा करतात. पुरुष बर्फातल्या भोकातून भाल्याने मासे मारतात. बाप कॅरिबूच्या (तिथल्या रानटी रेनडिअरच्या) जबड्याच्या हाडांची खेळण्यातली गाडी करतो आणि तिला कुत्र्याचं पिल्लू जुंपतो. त्या पिल्लाची तारांबळ पाहून पोराबरोबर आपणही हसतो.

आणि मग येते खरी गाडी. तिच्यासाठी मी हा भाग दोनदा पाहिला आणि कामावरच्या पोरांनाही दाखवला. या प्रदेशात झाडं नाहीत, लाकडाचा तुकडा मिळणं मुश्कील. मग घसरगाडी कशाची करणार? उन्हाळ्याचा तंबू आता निरुपयोगी झालेला, त्याची कातडी घ्यायची, पाण्यात भिजवायची, त्यावर मासे एकामागोमाग एक मांडायचे आणि घट्ट गुंडाळी करून दोरीने आवळायची. थंडीने ती गोठली की लाकडासारखी कडक होते. अशा दोन गुंडाळ्या म्हणजे गाडीच्या खालच्या दोन पट्ट्या. आडव्या पट्ट्यांना कॅरिबूची शिंगं, आणि बांधायला सीलच्या कातड्याची वादी. खिळा एकही नाही. वसंतात गाडी वितळली की आतले मासे खायला मिळतात आणि कातडी पुन्हा कामाला येते. तंबूचं वाहन आणि वाहनाचं जेवण! पडद्यावर यातलं एक अक्षर कोणी समजावून सांगत नाही. मासे मांडताना पहिली दोन मिनिटं वाटतं, शिदोरी बांधतायत. मग दोरी आवळली जाते, आडवं शिंग येतं, आणि आपण खुर्चीत सरळ होऊन बसतो. निवेदकाने आधीच ‘आता गाडी तयार होणार आहे’ असं सांगून टाकलं असतं तर ही मजा गेली असती.

असंच सुख कायाक बांधण्याच्या दोन भागांत आहे. जुलै महिना, बर्फ वितळतोय, दोन पुरुष मिळून होडी बांधतात. लाकडाच्या जपून ठेवलेल्या फळकुटांचा सांगाडा, हाडाचे तुकडे, तातेचे दोर. बायका सीलची कातडी तयार करून शिवतात आणि सांगाड्यावर चढवतात. घाई कोणालाच नाही. मधेच पोर झोपतं, उठतं, एका पक्ष्याशी खेळतं, बापाची नक्कल करतं. मी एडिटर म्हणून सांगते, हे पोराचे शॉट ‘भरतीचे’ नाहीत. मोठ्यांचं काम मुलं कशी उचलतात याचं एवढं सरळ चित्रण मी फार कमी पाहिलंय. शिकवणी नाही, ‘इकडे बघ’ नाही, पोर फक्त आसपास असतं.

शिकारीचे भाग मन घट्ट करून पाहावेत. कॅरिबू ज्या जागी पाणी ओलांडतात तिथल्या मुक्कामाचे दोन भाग आहेत. माणसं दगडावर दगड रचून माणसासारखे दिसणारे इनुक्शुक पाण्याच्या दिशेने ओळीने उभे करतात. कळप आला की आरडाओरडा करून त्याला या दगडी माणसांच्या बाजूने पाण्यात हाकलतात, आणि पाण्यात कायाकवाले भाले घेऊन तयार असतात. जमिनीवर ज्याला गाठता येत नाही तो प्राणी पाण्यात माणसाहून सावकाश असतो, एवढं साधं गणित. मग मेलेली जनावरं तरंगत काठाला आणायची आणि सोलायची. ते सोलणंही कॅमेरा तसंच बघतो, ना शरमेने ना चवीने.

हिवाळ्यातल्या समुद्रावरच्या मुक्कामाला चार भाग दिलेत आणि ते रास्त आहे. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो. अशी भोकं त्याची बरीच असतात, कुठल्या भोकाशी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून जितके शिकारी जास्त तितकं बरं, आणि म्हणूनच हिवाळ्यात कुटुंबं एकत्र येऊन राहतात. शिकारी भोकावर वाकून हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, धरून उभा राहतो. किती वेळ? खऱ्या आयुष्यात तासन्‌तास. फिल्ममध्ये अर्थातच तेवढा नाही, पण कंबर आपली दुखेल एवढा नक्की. मिळालेल्या सीलचे वाटे कसे होतात, कोणाला कोणता भाग जातो, हे पाहताना कळतं की हा नुसता उदारपणा नाही, पक्का हिशेब आहे. प्रत्येकाचे वाट्यातले भागीदार ठरलेले.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हे जे दिसतं ते १९६३ चं पेली बे नाही. तोवर तिथे बंदुका येऊन कितीतरी वर्षं झाली होती, १९३० च्या दशकात कॅथलिक मिशन आलं होतं. बालिक्चींनी ठरवलं की १९१९ च्या सुमाराचं, बंदुकीच्या आधीचं आयुष्य टिपायचं, आणि तिथल्या कुटुंबांनी ते पुन्हा जगून दाखवलं. बोर्डाच्या माहितीत हे लपवलेलं नाही. त्यात म्हटलंय की कुटुंबं जुन्या पद्धतीने राहायला आनंदाने तयार झाली आणि पुनर्रचना फारशी करावी लागली नाही. पहिलं मी मानते. दुसरं हातांपुरतं मानते. कातडं गुंडाळणारा हात अडखळत नाही, बाईची अर्धचंद्राकृती सुरी, उलू, कुठे चाचपडत नाही. चाळीसेक वर्षं मागे गेलेलं काम बोटांत शाबूत होतं, हे पडद्यावर उघड दिसतं आणि तेच या मालिकेचं मोल आहे.

पण बोटांच्या पलीकडचं? मालिकेत शामान, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक, नाही. नेटसिलिक लोकांमधली भांडणं, सूड, दुष्काळातले कठोर निर्णय, यातलं जवळजवळ काही नाही. बालिक्चींचंच १९७० साली आलेलं पुस्तक उघडलं तर त्यात संघर्षावर आणि धर्मावर भरपूर मजकूर आहे. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. ख्रिस्ती झालेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर शामान व्हायला कोण सांगणार, हेही समजू शकतं. तरी २१ भाग ओळीने पाहिल्यावर असं वाटायला लागतं की या माणसांनी आयुष्यात फक्त काम केलं, खेळ खेळले आणि जेवले. माझ्या मते मालिकेतली मोठी उणीव ही आहे, आणि ती कॅमेरा सुरू होण्याच्या आधीच ठरून गेली होती.

निवेदन का नाही, याचं कारण कलात्मक नव्हतं, शैक्षणिक होतं. ही मालिका अमेरिकेतल्या शाळांसाठी बनली, जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने आखलेल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा. दहा वर्षांच्या मुलांनी स्वतः पाहावं, प्रश्न विचारावेत, अंदाज बांधावेत, अशी कल्पना. मुलांना ते जमलं, मोठ्यांना झेपलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये या अभ्यासक्रमावरून रणकंदन झालं आणि पुढे त्याचा निधी आटला. आक्षेप रक्तामांसावर होता तसा अधिक करून या भीतीवर होता की आपली मुलं परक्या रीतीभातींना आपल्या इतकंच खरं मानू लागतील. ज्या फिल्ममध्ये कोणी एक वाक्य उपदेशाचं बोलत नाही तिचा एवढा धसका घेतला गेला, हे वाचून मला धंद्याचा अभिमानच वाटला.

निवेदनाने काय होतं हे ताडून पाहायचं असेल तर त्याच संकेतस्थळावर डग विल्किन्सनची १९५२ ची ‘लँड ऑफ द लाँग डे’ आहे. बाफिन बेटावरच्या पाँड इनलेटजवळची. छायाचित्रण देखणं, शिकारी इडलाउट तर पडद्याचा राजाच. पण त्याच्या तोंडी जे ‘मी’ म्हणून ऐकू येतं ते इंग्रजीतलं लिहून वाचलेलं निवेदन आहे. शब्द त्याचे नाहीत, आवाज त्याचा नाही. विल्किन्सनने टिपलेलं इडलाउट आणि त्याच्या नातलगांचं शिकारीच्या तयारीचं दृश्य पुढे कॅनडाच्या १९७४ च्या दोन डॉलरच्या नोटेवर मागल्या बाजूला छापलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाकिटातून तो माणूस फिरला, आणि नोटेवरही त्याचं नाव नव्हतं. फिल्म जरूर पाहा, पण नेटसिलिकच्या नंतर. आधी पाहिलीत तर ते निवेदन कानात बसतं आणि पुढच्या प्रत्येक इनुइट चेहऱ्यावर आपण तोच आवाज चढवत राहतो.

त्याच विल्किन्सनची १९४९ ची इग्लू बांधण्यावरची छोटी फिल्म मात्र मला आवडते. तिथे निवेदक नाटक करत नाही, बर्फ कापायला कसा लागतो, ठोकळे वळसा घेत चढत कसे जातात, एवढंच सांगतो आणि गप्प होतो. दहा मिनिटांत काम फत्ते.

नेटसिलिकच्या साहित्यातून मुलांसाठी ‘टुक्टू’ नावाचीही १३ छोट्या फिल्मची मालिका काढली गेली, १९६० च्या दशकात. चित्र तेच, वर गोष्ट सांगणारा आवाज. आमच्या धंद्याच्या विद्यार्थ्यांनी मूळ भाग आणि टुक्टूचा भाग शेजारी शेजारी लावून पाहावेत. एकच शॉट दोन्हीकडे येतो तेव्हा डोळे कुठे जातात ते स्वतःच्याच बाबतीत तपासावं. टुक्टूमध्ये माझे डोळे पोराच्या चेहऱ्यावर राहिले. मूळ भागात ते बापाच्या हातातल्या वादीवर होते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. फिल्मच्या नावांत ‘एस्किमो’ आहे, ते त्या काळचं. आज इनुइट म्हणतात, शोधताना दोन्ही टाकून पाहा. आणि भाग ऋतूंच्या क्रमाने लावा, कारण प्रत्येक ऋतूत मागच्या ऋतूतली वस्तू नव्या रूपात परत येते आणि क्रम मोडला तर ते सगळं निसटतं. दगडी बांध घालून मासे पकडण्याचे दोन भाग उन्हाळ्यातले, ते शरदाच्या आधी घेतलेत तर आणखी उत्तम. गाडीत गुंडाळलेल्या माशांची ओळख आधीच झालेली असते. त्यात माणसं थंडगार पाण्यात उभी राहून तीन टोकांच्या भाल्याने मासे उचलतात. एका बैठकीत एकच भाग. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही बसवा, फक्त कॅरिबूचे भाग आधी स्वतः पाहून ठेवा. ती सोलताना मुलं प्रश्न विचारणारच, आणि उत्तर द्यायला निवेदक नाही, तुम्हीच आहात.