दांडिया बाजारातला छंदवर्ग : आठ रविवारांनंतर

दांडिया बाजाराजवळच्या एका वाचनालयात रविवारी सकाळी भरणाऱ्या छंदवर्गाला, म्हणजे पद्यरचना शिकवणाऱ्या वर्गाला, मी आठ आठवडे नियमाने गेलो. प्रत्येकाने गावाकडच्या बालपणावरची स्वतःची एक कविता आणायची आणि तिच्याच आधाराने वृत्त, यमक व रचना शिकायची, अशी इथली पद्धत आहे. 'छंदोरचना' हा वृत्तांवरचा ग्रंथ लिहिणारे माधवराव पटवर्धन (कवी माधव जूलियन) १८९४ साली ज्या बडोद्यात जन्मले, तिथे असा वर्ग चालतो याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

माझे आजोळ धुळ्याकडचे. मी नेलेल्या कवितेच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या :

तुझ्या अंगणी आजी अजुनी
जात्याची घरघर ये दुरुनी

फळ्यावर काही लिहिण्याआधी वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्या टाळी देऊन म्हणायला लावल्या. लघू म्हणजे आखूड उच्चाराच्या अक्षराची एक मात्रा आणि गुरू म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षराच्या दोन; अशा आठ-आठ मात्रांवर टाळी पडू लागली, की सोळा मात्रांचे पादाकुलक हे वृत्त कानालाच कळते. 'तुझ्या'मधला 'तु' जोडाक्षराआधी येतो म्हणून मी तो गुरू धरला होता आणि माझ्या हिशेबात ओळ सतरा मात्रांची भरत होती. 'सत्य' म्हणताना 'स'वर जसा आघात येतो तसा 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर येत नाही, म्हणून तो लघूच राहतो, हे त्यांनी दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन पटवले. दिवसभर गुजराती बोलून ज्यांचे ऱ्हस्वदीर्घ सैल झाले आहेत, अशा आम्हा बडोदेकरांना या कानाच्या तालमीची फार गरज होती. दुसऱ्या ओळीतली टाळी 'घरघर'च्या बरोबर मध्ये पडते आणि जात्याचा फेरा ऐकू येतो, हे तर मला माझ्याच ओळीत त्या दिवशी प्रथम दिसले.

यमकाचा तास जिव्हारी लागला, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा होता. "अहो, जाते अंगणातच आहे ना? मग घरघर दुरून कशी येते?" असे बाईंनी विचारले, तेव्हा 'दुरुनी' हा शब्द मी केवळ 'अजुनी'शी जुळावा म्हणून ओढून आणला होता, हे मला कबूल करावे लागले. ती ओळ मी अजून दुरुस्त करतो आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. वाटलेल्या टिपणात जोडाक्षराआधीचे प्रत्येक अक्षर सरसकट गुरू दाखवले आहे, त्यामुळे ज्याचा तो एक रविवार चुकला तो चुकीचेच शिकेल. त्याहून मोठी तक्रार ओवीबद्दल आहे. गावाकडच्या कवितेचा कान ज्या ओवीवर तयार झाला, तिला आठ रविवारांत जेमतेम अर्धा तास मिळाला. शेवटच्या दिवशी वर्गातल्या एका आजींनी जात्यावरची ओवी म्हटली. बाई फळ्यावर अक्षरे मोजत होत्या, प्रत्येक चरणाची मोजणी वेगळी येत होती आणि गाताना मात्र कुठेच काही अडत नव्हते. हे कसे जमते, असे कोणीतरी विचारले, तोवर वाचनालय बंद करण्याची वेळ झाली होती. पुढच्या वर्गात या प्रश्नासाठी एक अख्खा रविवार ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.