फिफ्थ व्हीलसाठी पिकअप: पाऊण टनी डिझेल की एक टनी पेट्रोल?

पाऊण टनी डिझेल पिकअप मी तीन वर्षं चालवली आणि गेली दोन वर्षं एक टनी पेट्रोल चालवतोय. (पाऊण टनी, एक टनी ही जुनी वर्गनावं; खरी क्षमता त्याहून जास्त असते.) दोन्हींच्या मागे ट्रेलर तोच, 28 फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे ज्याचं पुढचं अंग पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर टेकतं असा, कमाल वजन 9,950 पौंड. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. त्यामुळे सुट्टी लागली की रस्ता ठरलेला: 287 नंबरच्या हायवेनं अमॅरिलो, आणि तिथून न्यू मेक्सिको किंवा कोलोरॅडो. गाडीत माणसं चार. मी, बायको, मुलगा, आणि वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे असणारी आई. माणसांचा हिशेब आधीच सांगतोय, कारण माझा निर्णय शेवटी तिथेच फिरला.

गाड्यांची नावं मुद्दाम बाजूला ठेवतो. एफ-250, रॅम 2500, शेव्ही 2500 यांतली कुठलीही पाऊण टनी घ्या, किंवा त्यांच्या 350 आणि 3500 वाल्या मोठ्या, एक टनी बहिणी घ्या. आकडे थोडे हलतात, गणित मांडायची रीत तीच.

आधी डिझेलचं श्रेय डिझेलला. पागोसा स्प्रिंग्जच्या वाटेवर वुल्फ क्रीक पास लागतो, उंची 10,857 फूट, चढ काही ठिकाणी 6.8 टक्क्यांपर्यंत. ट्रेलर मागे असताना डिझेल तिथे ज्या निवांतपणे चढायची, त्याला तोड नाही. आवाज चढत नाही, गप्पा थांबत नाहीत. टर्बोमुळे विरळ हवेचा तिला फारसा फरक पडत नाही. माझ्या पेट्रोल इंजिनाला टर्बो नाही, आणि अशा इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के उतरते. म्हणजे घाटमाथ्यावर तीस टक्के घोडे गायब. आताची गाडी तो चढ चढते, पण साडेचार हजार आरपीएमवर ओरडत चढते आणि आम्ही उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या सोबतीनं असतो. उतारावर फरक याहून मोठा. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट आवळून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा) चालू केला की पाय ब्रेकवर न्यावाच लागत नाही म्हटलं तरी चालेल. पेट्रोलमध्ये टो-हॉल (ओझं ओढतानाचा मोड) लावून गिअर खाली घ्यायचे, इंजिनाला आवाज करू द्यायचा आणि तरी मधूनमधून ब्रेक दाबायचा.

इंधनात, ट्रेलर ओढताना मला डिझेलमध्ये गॅलनला अकरा मैलांच्या आसपास मिळायचे, पेट्रोलमध्ये साडेसात-आठ. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. डिझेल भरायला ट्रकच्या लांब-रुंद लेनमध्ये सरळ घुसता येतं. पेट्रोलसाठी मात्र पुढच्या छोट्या पंपांवर, गाड्यांच्या गर्दीत, ट्रेलरचं लांबलचक शेपूट वळवावं लागतं. गाव यायच्या आधीच बायको फोनवर पंपाचा उपग्रह-नकाशा उघडून बाहेर पडायची वाट शोधून ठेवते.

हे सगळं वाचून वाटेल, मग डिझेलच घ्यावी. मलाही तसंच वाटलं होतं. विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "तेरा हजार पौंड आरामात ओढेल." खोटं नव्हतं ते. ओढायची.

पहिल्याच मोठ्या सहलीत अमॅरिलोच्या ट्रक स्टॉपवर सहज म्हणून गाडी काट्यावर घातली. ट्रकांच्या या काट्याला, कॅट स्केलला, तीन फळ्या असतात: पहिल्यावर पिकअपची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. चिठ्ठी हातात आली. नुसत्या पिकअपचा आकडा 10,160. गाडीची मर्यादा, माणसं, सामान आणि ट्रेलरचा तिच्यावर टेकलेला भार धरून, 10,000. ट्रेलरची चाकं, ओढण्याची क्षमता, सगळं हद्दीत होतं, आणि पिकअप मात्र 160 पौंड जास्त.

दाराच्या चौकटीवरचा पिवळा कागद तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. पेलोड, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते तो आकडा, 2,420. पुढे माझा जमाखर्च असा: ट्रेलरचं भरलेलं वजन 8,900 आणि त्यातलं पिनवर, म्हणजे हिचमध्ये अडकणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या खुंटीवर, आलेलं 1,780, हिच 140, आम्ही चौघं मिळून 560, हौद्यात जनरेटर आणि अवजारं 100. बेरीज 2,580. ब्रोशरमध्ये पिनचं वजन 1,370 छापलेलं होतं, पण ते कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं. बॅटऱ्या, प्रोपेनच्या टाक्या, बेडरूमचं कपाट आणि खालचा मोठा कप्पा हे सगळं फिफ्थ व्हीलमध्ये पुढच्या अंगाला असतं. तुम्ही जे काही हौसेनं भरता त्यातलं बरंचसं थेट पिनवर येऊन बसतं.

आई मागच्या सीटवरून ऐकत होती. तिचं माहेर वाळव्याकडचं, लहानपण उसाच्या बैलगाड्या बघण्यात गेलेलं. ती म्हणाली, "अरे, गाडी मागं जड झाली तर उलाळ होती, म्हणून थोडं पुढं घ्यायचं. पण पुढं फार घेतलं की बैलाच्या मानंवर येतं. बैल वढतोय म्हणून त्येच्या मानंवर किती बी टाकायचं असतं व्हय?" पिन वेट म्हणजे काय, हे मी त्यानंतर मित्रांना याच शब्दांत सांगत आलोय. टोइंगचा आकडा बैल किती ओढतो ते सांगतो. पेलोड सांगतो त्याची मान किती सोसते.

पाऊण टनी डिझेलची अडचण अशी की यांतल्या बऱ्याच गाड्यांची एकूण मर्यादा 10,000 पौंडांवर बांधलेली असते, कारण त्यापुढे अमेरिकेतला वाहनवर्गच बदलतो. डिझेल इंजिन आणि त्याचा सरंजाम पेट्रोलपेक्षा अंदाजे पाचेकशे पौंडांनी भारी. मर्यादा तीच आणि इंजिन जड, मग कापलं काय जातं? पेलोड. म्हणजे दहाएक हजार डॉलर जास्त मोजून मी ताकद घेतली आणि मान बारीक करून घेतली.

त्यानंतरची दोन वर्षं प्रत्येक सहलीच्या आदल्या संध्याकाळी ड्राइव्हवेत एकच विषय: काय काढायचं? जनरेटर गेला. मुलाची सायकल गेली. पाण्याची टाकी रिकामी ठेवायची ठरलं, कारण पाणी गॅलनला 8.34 पौंड, आमची 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंडांची भर, आणि ती आमच्या ट्रेलरमध्ये चाकांच्या पुढे असल्यानं त्यातला हिस्सा पिनवर. मग जिथे हुकअप (ट्रेलरला पाणी-विजेची जोडणी) नाही अशा जंगलातल्या जागी पोचल्यावर मी आणि मुलगा सहा गॅलनचे कॅन घेऊन नळापर्यंत फेऱ्या मारायचो. ज्या जागांसाठी ट्रेलर घेतला, तिथेच पाणी नाही.

एका शुक्रवारी मी तांदळाची वीस पौंडांची पिशवी उतरवत होतो. आईनं तिची पिशवी उघडली, बिडाचा तवा काढला, काही न बोलता आत नेऊन ओट्यावर ठेवला. भाकरी त्याच तव्यावर चांगली होते म्हणून तिनं तो सांगलीहून विमानातून आणला होता. त्या सहलीत तिनं पातळ नॉनस्टिकवर भाकऱ्या केल्या आणि एकीचाही पापुद्रा नीट सुटला नाही. परत आल्यावर ओट्यावर तो तवा तसाच पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. चार-साडेचार पौंडांचा तवा. दिवसभर घाट चढायला लागणारी सगळी ताकद दारात उभी होती आणि मी आईच्या तव्याचं वजन करत होतो. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

एक टनी पेट्रोलची मर्यादा 11,200 आहे. 10,000 पौंडांवरच्या गाड्यांना तो पिवळा कागद असेलच असं नाही, म्हणून मी पेट्रोलची टाकी भरून, रिकामी गाडी काट्यावर नेली: 7,080. म्हणजे उरले 4,120. डिझेलपेक्षा 1,700 पौंड जास्त, आणि गाडी स्वस्तही. शिवाय हौदा आठ फुटी घेतला. आधीच्या छोट्या हौद्यामुळे सरकती हिच वापरावी लागायची, तंग वळणाआधी उतरून दांडा ओढायचा, नाही तर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला. आता साधी हिच पुरते. लांब गाडी देसी दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन खणांत लावावी लागते, तेवढं सोसतो.

तक्रारीही आहेत. रिकामी असताना ही गाडी टणक आहे. काँक्रीटच्या सांध्यांवर मागची पाटा-स्प्रिंग धक्के देते आणि आईच्या कमरेला ते जाणवतात. ट्रेलर जोडला की नाहीसे होतात. एक टनी डिझेल घेतली असती तर चढही सोपा झाला असता, हे मान्य. तुमचा ट्रेलर बारा हजारांच्या वर असेल, किंवा घरच डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगरात असेल, तर माझं ऐकू नका, एक टनीच पण डिझेल घ्या. पंधरा-सोळा हजारांच्या पुढे मागे चार चाकांची ड्युअली बघा. दोघंच असाल आणि ट्रेलर सात हजारांचा असेल तर पाऊण टनी डिझेलनं तुम्ही कदाचित पूर्ण सुखी व्हाल. कॅलिफोर्नियातल्यांनी लायसन्सही बघावं: तिथे 10,000 पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला वेगळी नोंद लागते आणि 15,000 च्या वर बिगरव्यावसायिक अ वर्ग.

पण चार माणसं, नऊ-दहा हजारांचा ट्रेलर आणि वर्षातून दोन-तीनदा डोंगर, असं असेल तर मी एक टनी पेट्रोलकडे झुकेन. सही करण्याआधी त्याच गाडीचं दार उघडून पेलोडचा आकडा वाचा, कागद नसेल तर माझ्यासारखी काट्यावर न्या; शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलचा चालत नाही, सनरूफ आणि चामडी सीटनंही तो शंभर-दीडशेनं हलतो. ट्रेलरच्या रिकाम्या नव्हे, कमाल वजनाचे 22 टक्के पिनसाठी धरा. हिच, माणसं आणि हौद्यातलं सामान मिळवा. वर निदान तीनशे पौंड मोकळे ठेवा, मुलं वाढतात.

यंदा मे महिन्यात अमॅरिलोच्या त्याच काट्यावर थांबलो. टाकीत 40 गॅलन पाणी, हौद्यात जनरेटर आणि सायकल, मागे आई. पिकअपचा आकडा 9,830. तिनं विचारलं, "बसलं का?" म्हटलं, बसलं, अजून तेराशे सत्तर शिल्लक आहेत. "मग पुढच्या खेपेला पाटा-वरवंटा घेऊ," म्हणाली.