‘पेशींचं वय’ सांगणारं पॅकेज: पैसे नक्की कशाचे?

पुण्यात बाणेर-औंध, कोथरूड भागात हल्ली फुल बॉडी चेकअपच्या जोडीला ‘सेल्युलर एज’ पॅकेज गळ्यात मारलं जातं. घरी येऊन रक्त नेतात, काही आठवड्यांनी रंगीत पीडीएफ येते: तुमचं वय 45, पेशींचं 52. सोबत व्हिटॅमिन सी आणि ई घ्यायचा सल्ला. रक्त घेणारी मंडळी तरबेज, त्याबद्दल तक्रार नाही. घोळ आहे तो 52 या आकड्यात.

हा आकडा टेलोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या, वयानुसार झिजत जाणाऱ्या डीएनएच्या लांबीवरून काढलेला असतो. पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवर क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवत मोजायची पद्धत) करतात आणि टेलोमिअरच्या सिग्नलला एका ठरावीक जनुकाच्या सिग्नलने भागतात. पीसीआरच्या दर फेरीत डीएनए दुप्पट होतो, म्हणून 0.1 फेरी इकडची तिकडे झाली तरी उत्तर 7 टक्क्यांनी हलतं. आता मोठ्या माणसाच्या या पेशींत टेलोमिअर वर्षाला झिजतो साधारण 20 ते 40 बेस पेअर (डीएनएची लांबी मोजायचं एकक), आणि एकूण लांबी 6-7 हजारांच्या घरात. म्हणजे वर्षाला अर्धा टक्का. 7 टक्क्यांची चूक म्हणजे सरळ पंधरा वर्षांच्या आसपास! लॅबला ‘सीव्ही (तोच नमुना पुन्हा मोजल्यावर आकडा किती टक्के हलतो) किती, नमुना किती वेळा चालवता’ हे विचारा. उत्तर देता आलं नाही तर पैसे वाचवा.

तरीही करायचीच असेल तर रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच द्या. हिरव्या टोपणातलं हेपरिन पीसीआरला अडवतं. पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा: तापात लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदलतं, दोघांचे टेलोमिअर सारखे नसतात, त्यामुळे सरासरी उगाच हलते. त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या, म्हणजे हे प्रमाण कळेल.

खरी गोष्ट रिपोर्टमध्ये येतच नाही. डीएनए तुटला किंवा टेलोमिअर फार आखूड झाला की पी53 हे प्रथिन जागं होतं, पी21 आणि पी16 ही प्रथिनं पेशीचं विभाजन थांबवतात. ही थांबलेली पेशी मरत नाही. आयएल-6 सारखे दाह वाढवणारे संदेश सोडत राहते आणि शेजारच्या पेशींनाही बिघडवते. त्याचा अंदाज घ्यायला पॅकेजमधली स्वस्त एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) बरी, अर्थात तीही ढोबळच. ती लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर आली तर आधी सर्दी-ताप, दाताचं दुखणं पाहा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

कॅप्सूलचा सल्ला मात्र थेट नुकसानीचा. रोज वेताळ टेकडी चढणाऱ्याच्या स्नायूंत थोडे फ्री रॅडिकल (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) तयार होतात आणि तोच ताण पेशीला स्वतःची संरक्षक एन्झाइम वाढवायचा निरोप देतो. सी आणि ई हे रॅडिकल टिपतात, म्हणजे निरोपच अडवतात. 2009 च्या एका जर्मन चाचणीत रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 400 युनिट ई घेणाऱ्यांत व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. कॅप्सूल न घेणाऱ्यांत सुधारला. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी बाटलीवर बीटा-कॅरोटीन (तेही रॅडिकल टिपणारंच) लिहिलंय का ते नीट वाचावं. फिनलंडच्या 1994 च्या चाचणीत रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपानींमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला होता.