आईच्या गुडघेदुखीवरच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्या

आईचे गुडघे आठ वर्षांपासून दुखत होते. शेजारच्या काकूंना घेऊन ती आठवडी बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्याकडे गेली. पंधरा दिवसांच्या तीस पुड्या, सहाशे रुपये. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत बांधलेली तपकिरी पूड. ना नाव, ना लायसन्स नंबर, ना घटकांची यादी. “शंभर टक्के जडीबुटी,” तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी आई जिना चढली, आणि आम्ही त्याला देवमाणूस म्हणू लागलो.

चार-पाच महिन्यांत चेहरा गोल झाला. बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली. पण ब्लाउज पोटा-पाठीला घट्ट होत होते आणि बांगड्या मात्र कोपरापर्यंत घसरत होत्या. मानेमागे वशिंडासारखा उंचवटा आला. बीपीचा पट्टा सोडला की दंडावर जांभळा डाग राहायचा. साखर पहिल्यांदाच वाढली. हे सगळं एकाच गोष्टीचं आहे, हे आम्हाला कळलं नाही.

दिवाळीत औषधवाला गावाला गेला, पुड्या संपल्या. चौथ्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या, उठता येईना. दवाखान्यात बीपी 80/50.

हार्मोनच्या डॉक्टरांनी आधी तिचा चेहरा पाहिला, मग पोटावरचे जांभळे पट्टे, आणि विचारलं, “पुड्या घेता का?” हा कुशिंग सिंड्रोम, शरीरात कॉर्टिसोल या हार्मोनचा अतिरेक झाल्यासारखी अवस्था. हार्वे कुशिंग यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला आजार मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीनेही होतो, पण तसे रुग्ण थोडे. जास्त करून तो बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळेच होतो.

मला चक्रावलं ते रिपोर्टने. सकाळी आठचं कॉर्टिसोल साधारण 5 ते 25 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) हवं, आईचं 1.2! डॉक्टरांनी समजावलं: पुडीत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असणार. ते कॉर्टिसोलचंच काम करतं, पण या तपासणीत दिसत नाही. बाहेरून एवढा पुरवठा होतोय म्हटल्यावर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी स्वतःचं काम थांबवलं. पुडी एकदम बंद झाली आणि शरीरात काहीच उरलं नाही. तिचा जीव जाता जाता वाचला.

आता हायड्रोकॉर्टिसोनच्या (म्हणजे कॉर्टिसोलच्याच) गोळ्या सुरू आहेत, हळूहळू कमी करायच्या. ग्रंथी जाग्या व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. गुडघे पुन्हा दुखतात, हाडंही ठिसूळ झालीत. पुड्यांचे फोटो घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे.

तुमच्या घरात अशी पुडी सुरू असेल, तर हे वाचून आज रात्री ती फेकू नका. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी झटक्यात बंद करणं हाच मोठा धोका आहे. ती सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, साखर, बीपी आणि सकाळचं कॉर्टिसोल तपासून घ्या.

परवा आई काठी टेकत काकूंकडे गेली. त्यांचाही चेहरा गोल झालाय. “एकदम सोडू नकोस गं,” आई म्हणाली, “पुडी पिशवीत घाल, आणि उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल.”